पासष्ट इंच कुणासाठी?

प्रश्न

(डोंबिवलीच्या एका वाचक ताईंच्या पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

आमचं पाच माणसांचं घर. मी, मिस्टर, सासू-सासरे आणि यंदा दहावीला असलेला मुलगा. २०१३ साली घेतलेल्या ३२ इंची टीव्हीवर उभ्या रेघा यायला लागल्या आणि मेकॅनिकने पॅनेल गेल्याचं सांगितलं. मिस्टरांनी ६५ इंची ओएलईडी हेरून ठेवलाय, दीड लाखाच्या आसपास, बिनव्याजी हप्त्यांवर. ‘जीएसटी कमी झालाय, आता नाही घ्यायचा तर कधी?’ असं त्यांचं म्हणणं. सासरे ७६ वर्षांचे. सकाळपासून बातम्या लावून बसतात आणि आवाज इतका मोठा ठेवतात की शेजारचे दोनदा सांगून गेले. सासूबाईंच्या मालिका संध्याकाळी सातपासून. मुलाची अभ्यासाची खोली हॉलला लागूनच. सध्याचा टीव्ही शोकेसच्या चार फुटी खणात आहे, केबलचा बॉक्स जुना, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा. सोफ्यावरून टीव्ही साधारण साडेआठ फुटांवर, सोफ्याच्या मागे बाल्कनीचं दार, आणि सासूबाई बसतात तो दिवाण एका बाजूला. माझं मत असं की हॉलमध्ये ५५ इंची घ्यावा आणि सासऱ्यांच्या खोलीत छोटा वेगळा, म्हणजे सगळेच सुटतील. मिस्टर ऐकत नाहीत. ५५ की ६५? ओएलईडी की क्यूएलईडी? आणि सासऱ्यांना वेगळा टीव्ही द्यावा का? एकदाचं काय ते सांगा.

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्टरांना काय हवंय ते त्यात आहे, तुम्हाला काय हवंय ते आहे, शेजाऱ्यांना काय नकोय तेही आहे. पण जो माणूस हा टीव्ही दिवसातले सात-आठ तास बघणार, त्या सासऱ्यांना काय हवंय, याची एक ओळही नाही. त्यांना विचारलंत का? ‘त्यांना काय, काहीही चालतं’ असं तुम्ही म्हणाल. चालतं हे खरंच, पण ज्याला काहीही चालतं त्याच्याच वाट्याला न समजणारा रिमोट येतो.

म्हणून ५५ की ६५ हे जरा बाजूला ठेवून आधी आवाजाचं बघू. तुमच्या घरातला खरा तंटा मला तिथे दिसतो.

वयोमानाने ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. वरच्या पट्टीतले आधी जातात. बोलण्यातले स, श, फ, थ असे वर्ण त्या पट्टीत येतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, पण ‘सत्ता’ म्हणाला की ‘पत्ता’, ते कळत नाही. मग हात रिमोटकडे जातो. आवाज वाढवला की निवेदकाच्या मागे वाजणारं ढॅण-ढॅण संगीतही तेवढंच वाढतं आणि शब्द पुन्हा त्यात बुडतात. शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत पोचतं ते हेच. त्यात आजकालचे टीव्ही इतके सडपातळ झालेत की त्यांचे स्पीकर समोर तोंड करून नसतात, खाली किंवा मागे असतात. शोकेसच्या खणात ठेवलेल्या टीव्हीचा आवाज प्लायवूडवर आपटून फिरून येतो. दीड लाखाचा टीव्ही आणलात तरी यात फारसा फरक पडणार नाही.

तेव्हा पहिलं काम, सासऱ्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन कानांची तपासणी करून घ्या. कधी नुसता मळ निघतो आणि प्रश्न तिथेच संपतो. कधी श्रवणयंत्र लागतं. ते लावायला आढेवेढे घेतील, पण टीव्हीचं निमित्त सांगितलंत तर ‘म्हातारपणाचं’ वाटणार नाही. दुसरं, वायरलेस हेडफोन. यात एक गोम आहे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित मागून येतो. ओठ आधी हलतात, शब्द नंतर. काहींना ते जाणवत नाही, काहींचं डोकं उठतं. टीव्हीसाठी म्हणून जे हेडफोन मिळतात, ज्यांचा एक छोटा स्टँड टीव्हीला जोडायचा आणि हेडफोन त्यावरच चार्जिंगला ठेवायचा, त्यांत हा घोळ कमी असतो आणि रोज जोडाजोडी करावी लागत नाही. मात्र टीव्ही घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा की हेडफोन लावल्यावर टीव्हीच्या स्पीकरमधूनही एकाच वेळी आवाज येतो का. काही टीव्हींत येतो, काहींत हेडफोन जोडला की स्पीकर मुके होतात. सासरे हेडफोनवर आणि सासूबाई उघड्या कानांनी, असं दोघांना एकत्र बघायचं असेल तर ही सोय हवीच. दुकानात जोडून दाखव म्हणायचं. नुसत्या ‘हो मॅडम, सगळं होतं’वर विश्वास ठेवायचा नाही.

साउंडबार घ्यायचाच असेल तर बोलण्यासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला घ्या. खोक्यावर ३.१ असं लिहिलेलं असतं. २.१ मध्ये तो मधला स्पीकर नसतो. आणि सोबत येणारा तो ठोकळा, सबवूफर, फ्लॅटमध्ये दिवसा बंदच ठेवलेला बरा. शब्द कळायला त्याचा काडीचा उपयोग नाही, खालच्या मजल्यावरच्यांना मात्र तो सगळ्यात आधी ऐकू जातो. टीव्हीला जोडताना ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआयच्या भोकातच जोडायचा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने त्याचा आवाज कमी-जास्त होतो.

आता वेगळ्या टीव्हीचं. तुमच्या मनात काही वाकडं नाही, हे पत्रावरून कळतं. तुम्हाला मुलासाठी शांतता हवी आहे. पण नवा मोठा टीव्ही हॉलमध्ये आल्या आल्या सासऱ्यांचा मुक्काम आतल्या खोलीत हलला, तर त्याचा अर्थ ते काय लावतील? हॉलमध्ये बसून बातम्या बघणारा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतो, दार उघडतो, नातवाला चार प्रश्न विचारतो. आत गेला की तेही गेलं. शिवाय आवाज काही दाराआड थांबत नाही, तो खोलीतूनही येईल. आणि दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स, दर महिन्याचे वेगळे पैसे. सासऱ्यांनी स्वतःहून ‘मला माझ्या खोलीत हवाय’ म्हटलं तर जरूर द्या, बऱ्याच घरांत तसं असतं आणि त्यात गैर काही नाही. पण त्यांनी म्हणायला हवं.

तुमच्या यादीत नसलेलं एक काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी आहे. तो लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा बॉक्स बदला.

त्यातली पिवळी पिन चित्र आणते, आणि ते जुन्या, साध्या एसडी दर्जाचंच असतं. ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. भागाकार केला तर बरोबर वीस येतात. आलेल्या एका ठिपक्याला पडद्यावरच्या वीस ठिपक्यांची जागा भरायची असते. वाटीभर ताकात हंडाभर पाणी ओतल्यावर जे होतं तेच चित्राचं होतं. ३२ इंचात हे खपून जात होतं, ६५ इंचात निवेदकाचं नाक कुठे संपतं ते कळणार नाही. मोठा टीव्ही घेतलेल्या कित्येक घरांत पहिल्या आठवड्यात ‘जुना बरा होता’ असं ऐकू येतं, त्यात दोष सहसा टीव्हीचा नसतो.

केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्या आणि तो एचडीएमआय वायरनेच जोडा. एचडी बॉक्स आणून पिवळ्या पिनेने जोडणारे महाभागही आहेत. पुष्कळ नव्या टीव्हींना त्या तीन पिनांची भोकंच नसतात, तेव्हा बॉक्स आज ना उद्या बदलावा लागणारच. मग पॅक बघा. सासूबाईंच्या मालिका झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांपैकी कुठे असतील तर या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आहेत, त्या घ्या आणि त्यांच्या एसडी आवृत्त्या पॅकमधून काढून टाका. नाहीतर एकाच वाहिनीचे दोनदा पैसे जातात. मराठी वृत्तवाहिन्या मात्र बहुतेक एसडीतच दिसतात. म्हणजे तुमच्या घरात दिवसाचा मोठा भाग एसडी चित्रच चालणार.

इथे मिस्टरांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. ६५ इंच म्हणजे निव्वळ हौस, असं तुमच्या पत्रात दिसतं. गणित तसं सांगत नाही. सिनेमा नीट अनुभवायचा तर पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीड ते पावणेदोन पट अंतरावर बसावं, असा एक प्रचलित आडाखा आहे. त्या हिशोबाने ५५ इंचासाठी सव्वासात फूट आणि ६५ इंचासाठी पावणेनऊ फूट येतात. तुमचं अंतर साडेआठ. म्हणजे रात्री दिवे मालवून सिनेमा बघायचा असेल तर मिस्टर बरोबर आहेत. पण तुमच्या घरी तो किती वेळा बघितला जातो? शनिवारी रात्री एकदा. उरलेले सहा दिवस त्या पडद्यावर एसडी बातम्या. तेव्हा ५५. तुमचं उत्तर मी मान्य करतेय, कारण मात्र माझं वेगळं आहे.

ओएलईडीला तुमच्या घरापुरता माझा नकार आहे. टीव्ही म्हणून तो अप्रतिम असतो. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण जे ठिपके रोज तासन् तास एकाच जागी उजळत राहतात ते इतरांपेक्षा लवकर थकतात आणि त्या जागी कायमची सावली उमटू शकते. वृत्तवाहिनीचा पडदा डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात वाहिनीचा लोगो, खाली लाल पट्टी, तिच्याखाली धावणाऱ्या ओळी, बाजूला ‘ब्रेकिंग’ची चौकट. बारा महिने चोवीस तास त्याच जागी. कंपन्यांनी हे टाळायला बऱ्याच युक्त्या केल्यात, पण दिवसाला सात-आठ तास बातम्या हा त्या टीव्हीच्या वाईटावरचा वापर आहे. आणि अशा डागाला वॉरंटी लागू आहे का, हे अटींत बारीक अक्षरांत बघावं लागतं. त्यात तुमच्या सोफ्यामागे बाल्कनीचं दार. दुपारी त्याचा उजेड थेट पडद्यावर येणार. अशा हॉलमध्ये भरपूर उजेड देणारा एलईडी जास्त कामाचा.

क्यूएलईडी या नावाने गोंधळू नका. तो एलईडीच असतो, त्यात रंग खुलवणारा एक जादा थर असतो एवढंच. मिनी एलईडी म्हणजे मागचे दिवे लहान आणि पुष्कळ, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यात काळं बरं दिसतं. बजेटमध्ये बसला तर चांगला, नाही बसला तर रडायचं कारण नाही. ‘फोर-के की फुल एचडी’ हा वाद ५५ इंचात उरलेलाच नाही, कारण या मापात फोर-के सोडून दुसरं सहसा मिळत नाही. एट-के कुणी दाखवला तर हसून पुढे जा.

तुमच्या घरात या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे तो दिवाण. काही पॅनेल समोरून झकास दिसतात आणि बाजूने बघितलं की रंग धुऊन निघतात. काहींचं काळं तितकंसं गडद नसतं, पण बाजूने रंग टिकतात. पहिल्या जातीला व्हीए म्हणतात, दुसरीला आयपीएस. सेल्समनला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून स्वतः बघायचं. दुकानात टीव्हीच्या समोर न थांबता, सासूबाई दिवाणावरून जेवढ्या तिरक्या बघतात तेवढं बाजूला जाऊन उभं राहायचं. माणसाच्या कातडीचा रंग राखाडी दिसायला लागला तर तो टीव्ही तुमचा नाही.

दुकानात सासऱ्यांना घेऊन जा. तिथे सगळ्या पडद्यांवर मोर, धबधबे आणि चिरलेली किवी फळं चालू असतात. ते व्हिडिओ टीव्ही विकायलाच बनवलेले असतात, त्यात कुठलाही टीव्ही वाईट दिसत नाही. सेट-टॉप बॉक्स लावून मराठी बातम्यांची वाहिनी दाखवा म्हणा. दाखवत नसतील तर दुसरं दुकान. सासऱ्यांना खुर्चीवर बसवा, रिमोट हातात द्या, आवाज त्यांनाच कमी-जास्त करू द्या. त्यांना खालची पट्टी वाचता आली आणि निवेदकाचं वाक्य कळलं, तर टीव्ही पास. चित्राच्या दर्जाची परीक्षा मिस्टरांनी नंतर हवी तेवढी घ्यावी.

जीएसटीबद्दल. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हे खरं. पण तो सेल नव्हे. दर कमी झाला तो झाला, दिवाळी संपली म्हणून परत चढत नाही. पाडव्याच्या मुहूर्तावर घ्यायची इच्छा असेल तर जरूर घ्या, मुहूर्ताला माझी हरकत नाही. घाईसाठी कराचं कारण मात्र नको. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही व्याज असतं, ते दुकान किंवा कंपनी सवलत म्हणून आधीच वजा करते. त्या व्याजावरचा जीएसटी कार्डाच्या बिलात येतो, वर प्रोसेसिंग फी. आणि एकरकमी पैसे दिल्यास जी सूट मिळाली असती ती बहुतेक वेळा हातची जाते. दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा, एकरकमी किती आणि हप्त्यांत शेवटपर्यंत मिळून किती. चांगल्यापैकी ५५ इंची एलईडी, तो मधल्या स्पीकरचा साउंडबार, हेडफोन, नवा बॉक्स आणि सुताराची मजुरी, हे सगळं मिळून त्या दीड लाखाच्या पुष्कळ आत बसेल. हप्त्यांची गरजच कदाचित पडणार नाही.

सुतार का, ते सांगते. तुमचा खण चार फुटांचा, म्हणजे १२२ सेंटिमीटर. ५५ इंची टीव्हीचा नुसता पडदा जवळपास १२२ सेंटिमीटर रुंद असतो, आणि कडा धरल्या की वर आणखी एखाद सेंटिमीटर. म्हणजे टीव्ही घरी येणार, दोघं जण तो उचलून खणापाशी नेणार आणि तो आत जाणार नाही. हे असं बोटभर मापासाठी अडलेलं शोकेस मी पुष्कळ घरांत बघितलंय. आणि गेला असता तरी चारी बाजूंनी हवा खेळायला जागा हवी, वायर जोडायला हात जायला हवा. दोन मार्ग आहेत. ५० इंची घ्या, तो साधारण ११२ सेंटिमीटर भरतो आणि खणात मावतो. किंवा बाजूची उभी फळी काढून टाका. मी असते तर फळी काढली असती. दिवाळीला पुसण्यापलीकडे ज्यांना कुणी हात लावत नाही त्या शोभेच्या कपांसाठी टीव्हीचं माप का ठरवायचं?

ठरवण्याआधी एक करा. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून १२२ बाय ६९ सेंटिमीटरचा आयत बनवा आणि भिंतीवर लावा. हवं तर शेजारी मिस्टरांच्या समाधानासाठी ६५ इंचाचा, म्हणजे १४४ बाय ८१ चाही लावा. दोन दिवस तसेच राहू द्या. येता-जाता, जेवताना, दिवाणावरून बघा. घरातलं अर्धं भांडण त्या कागदानेच मिटेल.

उंचीचं सगळीकडे चुकतं. बसवायला येणारा मुलगा उभा असतो, तो त्याच्या डोळ्यांसमोर येईल तिथे भिंतीला भोकं पाडतो आणि पुढची दहा वर्षं घरचे मान वर करून बघत बसतात. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात. पडद्याचा मध्य तिथे किंवा किंचित खाली हवा, म्हणजे ५५ इंचाची खालची कड जमिनीपासून सुमारे सव्वादोन फुटांवर. खूण पेन्सिलने आधीच करून ठेवा, तीही सासऱ्यांना सोफ्यावर बसवून. भिंत कशाची आहे तेही त्याला सांगा. जुन्या इमारतीची पक्की वीट असेल तर साधे फास्टनर चालतात. नव्या टॉवरमधले हलके राखाडी ब्लॉक असतील तर त्यांना त्यांचेच वेगळे फास्टनर लागतात, नाहीतर वजनाने भोक सैल होत जातं. वायरी भिंतीतून न्यायच्या असतील तर पाइप एक-सव्वा इंचाचा टाका, एचडीएमआयची पिन रुंद असते, पाऊण इंचातून जात नाही. टीव्हीमागे प्लगची एकच जागा असते आणि लागतात चार: टीव्ही, बॉक्स, साउंडबार, वायफायचा राउटर. इलेक्ट्रिशियनला सुताराबरोबरच बोलवा. खोका कंपनीचा माणूस आल्याशिवाय फोडू नका, आणि फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. आतून पॅनेल तडकलेलं निघालं तर नंतर ‘तुमच्याकडूनच झालं’ म्हणतात, आणि धक्क्याने फुटलेलं पॅनेल वॉरंटीत बसत नाही.

स्टॅबिलायझर गळ्यात मारतील. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर डोंबिवलीत त्याची गरज नाही. चांगला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा, आणि धड अर्थिंग पुरेसं. ज्या वाचकांच्या गावी दिवे सारखे मंद-प्रखर होतात त्यांनी मात्र घ्यावा. आणि कोकणात, घाटमाथ्यावर, विदर्भात वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायच्या. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. डीडी फ्री डिश वापरणाऱ्यांनीही एसडीचं वरचं गणित वाचावं. महिन्याचा खर्च नाही ही मोठी सोय, पण तिथे बहुतेक वाहिन्या एसडी, तेव्हा ३२ ते ४३ इंचांत सुखी राहाल.

टीव्ही पहिल्यांदा चालू केला की ‘घर’ की ‘दुकान’ असं विचारतो. ‘घर’ निवडा. बसवणाऱ्याने घाईत ‘दुकान’ दाबलं तर पडदा कायम डोळे दिपवत राहतो, वीजही जास्त खातो. मग चित्राचा मोड ‘व्हिव्हिड’वरून काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर ठेवा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, तिसऱ्या दिवशी जुना मोड निळा वाटायला लागेल. सिनेमा बघताना सगळं मालिकेसारखं गुळगुळीत हलताना दिसलं तर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. सोनीत तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी. क्रिकेटसाठी थोडी चालू ठेवली तर चालते. तुम्ही काय बघता याची नोंद कंपनीला पाठवणारीही एक सोय असते, सॅमसंगमध्ये व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस, एलजीत लाइव्ह प्लस अशा नावांनी. सुरुवातीच्या ‘मान्य, मान्य, मान्य’च्या रांगेत ती होऊन जाते. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

सासऱ्यांसाठी मुख्य सेटिंग वेगळीच. टीव्ही चालू केल्यावर ॲपचा बाजार न उघडता थेट सेट-टॉप बॉक्स दिसायला हवा. बऱ्याच टीव्हींत तशी सोय असते, बसवणाऱ्याकडून ती करूनच घ्या. बऱ्याच सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचं चालू-बंद आणि आवाजाचं बटण शिकवता येतं. तेही करा, म्हणजे त्यांच्या हातात एकच रिमोट राहील. त्यातल्या चालू-बंदच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. टीव्हीचा स्मार्ट रिमोट वेगळ्या ड्रॉवरमध्ये, ज्याला सिनेमा बघायचा त्याने तो काढावा.

मुलाच्या दहावीबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंय. हॉलमधल्या टीव्हीवर तो काय बघतो हे सगळ्यांना दिसतं, खिशातल्या मोबाइलवर काय बघतो ते दिसत नाही. टीव्हीच्या इंचांचा त्याच्या टक्क्यांशी काही संबंध मला दिसत नाही. आजोबांच्या कानाला हेडफोन लागला की त्याच्या खोलीतली शांतता तशीही येईल.

जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये गेला तर द्या, चार पैसे कमी मिळाले तरी. नाहीतर अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात. भंगारवाल्याला नको, तो तांबं काढून बाकीचं जाळतो. बिलावर टीव्हीचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोका निदान पंधरा दिवस माळ्यावर ठेवा. काही बिघडलं आणि दुकानदार हात वर करायला लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. माप, पॅनेल आणि खर्चाची मर्यादा आपण ठरवली, आता ब्रँड मिस्टरांना निवडू द्या. त्यांना एवढंच सांगा की ज्या कंपनीचा माणूस तक्रार केल्यावर डोंबिवलीत दोन दिवसांत येतो तीच घ्यायची, आणि ते दुकानदाराला न विचारता सोसायटीतल्या चार घरांत विचारायचं.